नळी, पिशवी आणि मामंजींचं पाणी



या सदरात आपण भाजणं-पोळणं, बाळंतिणीचा आहार, मुलांचे जंत असे किती तरी विषय बोललो. आजचा विषय मात्र चारचौघींत कुणी काढत नाही. हळदीकुंकवाला गेलं की मधुमेहाच्या गप्पा होतात, गुडघेदुखीच्या होतात. पण घरात कुणाला लघवीसाठी नळी घातली आहे आणि ती आपल्यालाच सांभाळावी लागते, हे सांगताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

मिरजेकडच्या एका भगिनीचं पत्र माझ्यापुढे आहे. सासऱ्यांचं वय ऐंशीच्या घरात. प्रोस्टेटचा त्रास, त्यात हृदय अशक्त; शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी कॅथेटर कायम ठेवायला सांगितलं. त्या लिहितात, “कधी पिशवी रिकामीच राहते, कधी नळी असूनही धोतर ओलं होतं. लघवी गढूळ दिसते म्हणून नणंदबाई सारख्या गोळ्यांचा कोर्स द्यायला सांगतात. मी सगळं वेळच्या वेळी करते. तरी मामंजी हल्ली माझ्याशी नीट बोलत नाहीत, माझ्या हातचं पाणीसुद्धा नको म्हणतात. माझं काय चुकलं?”

बाई, तुमचं काहीच चुकलेलं नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी देणार आहे. मात्र पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या पाण्याशीच येऊन पोचतात, एवढं ध्यानात ठेवून पुढे वाचा.

आधी नळीची ओळख

जिची भीती वाटते तिची आधी ओळख करून घ्यावी. घरी वापरतात ती बहुधा ‘फोली’ नळी. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोली या शल्यविशारदांनी ती प्रचारात आणली, म्हणून हे नाव. नळीच्या टोकाला लहानसा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोचली की त्या फुग्यात साधारण १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात. हा फुगाच नळीला आत धरून ठेवतो. म्हणून नळी कधीही हिसक्यानं ओढायची नाही. फुगलेला फुगा तसाच बाहेर आला तर आतला नाजूक मार्ग फाटतो आणि रक्तस्राव होतो.

नळीची जाडी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. मोठ्या माणसाला बहुधा १४ किंवा १६ नंबरची लागते. रबरी नळी काही आठवड्यांतच बदलावी लागते; पूर्ण सिलिकॉनची फार तर १२ आठवड्यांपर्यंत चालते. आपली कोणती आहे ते डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा. नळीचा प्रकार, नंबर, फुग्यातलं पाणी आणि घातल्याची तारीख या चार गोष्टी. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या हाताला ही वही काही जड नाही.

पिशवी रिकामी दिसली तर

इथे माझीच गोष्ट सांगते. आमच्या मामंजींनाही नळी होती, चौदा महिने. श्रावणातली एक रात्र. झोपण्यापूर्वी पिशवी पाहिली, जेमतेम तळाशी लघवी. मनात म्हटलं, बरं झालं, आज रात्री उठायला नको. दोनच्या सुमारास मामंजी तळमळू लागले. धोतर ओढत होते, काहीबाही बोलत होते, मला ओळखेनात. आम्हां दोघांनाही वाटलं, वयाचा भ्रम. हे म्हणाले, “सकाळी डॉक्टरांना बोलावू.” मलाच राहवेना, म्हणून शेजारच्या सुनेला उठवलं. ती परिचारिका आहे. तिनं आल्या आल्या मामंजींच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “वहिनी, इथे हात लावून बघा.” पोट नारळासारखं टणक लागलं. नळी आतल्या टोकाशी तुंबली होती. तिनं नळी बदलली आणि बघता बघता पाऊण लिटरच्या वर लघवी बाहेर आली. अर्ध्या तासात मामंजी शांत झाले, मला नावानं हाक मारली. सकाळची वाट पाहिली असती तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

तेव्हा रिकामी पिशवी म्हणजे विश्रांती नव्हे. दोन-तीन तासांत पिशवीत काहीच वाढलं नाही, तर या क्रमानं पाहा.

पहिलं, अंगापासून पिशवीपर्यंत नळीवरून बोट फिरवा. ती मांडीखाली दबली आहे का, कुठे मुडपली आहे का, चादरीत गुंडाळली आहे का? निम्म्या वेळा दुखणं इथेच सापडतं.

दुसरं, पिशवी कंबरेच्या खाली आहे ना आणि काठोकाठ भरलेली नाही ना, हे पाहा. लघवी वर चढत नाही.

तिसरं, रुग्णाला कुशीवर वळवा किंवा शक्य असेल तर थोडं बसवा. कधी नळीचं टोक मूत्राशयाच्या भिंतीला चिकटतं, ते सुटतं.

चौथं, शौचाला कधी झालं होतं ते आठवा. तुंबलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयाला आणि नळीला दाबतं.

पाचवं, दिवसभरात पाणी किती गेलं, याचा हिशेब करा.

एवढं करूनही लघवी येत नसेल, किंवा ओटीपोट फुगलं असेल, दुखत असेल, माणूस बेचैन असेल, तर रात्र असो की अपरात्र, डॉक्टरांना किंवा सिस्टरना लगेच बोलवा, नाही तर दवाखाना गाठा. सिरिंजनं पाणी मारून स्वतः नळी मोकळी करू नका, कात्री तर लावूच नका. आपलं काम ओळखण्याचं आणि वेळेवर बोलावण्याचं. त्यासाठी एका स्वच्छ डब्यात त्याच नंबरची एक सुटी नळी, एक पिशवी, सिरिंज, जेली आणि निर्जंतुक हातमोजे तयार ठेवा. अपरात्री आलेल्या सिस्टरचा हात त्यामुळे अडत नाही.

नळी वारंवार का तुंबते?

काही जिवाणू लघवीतल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात. लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातले क्षार नळीच्या टोकाशी जमू लागतात. बोरिंगच्या पाण्यानं नळाला पांढरा थर धरतो ना, तसंच. काढलेल्या नळीचं टोक पाहा. रेतीसारखा खरखरीत थर दिसला तर वहीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा. दर वेळी चौथ्या आठवड्यात तुंबत असेल तर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटीच बदलायची, असा बेत डॉक्टर आखून देतात. तुमच्या वहीवरूनच त्यांना तो आखता येतो. पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर मूत्राशयात खडा नाही ना, हेही ते पाहतील.

इथे एक इशारा. जळजळ होते म्हणून लघवीचं आम्ल कमी करणारं गोड औषध औषधाच्या दुकानातून आपण सहज आणतो. असा थर धरत असेल तर ते औषध लघवी आणखी अल्कधर्मी करून भरच घालतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

नळी असून कपडे ओले

नळीच्या बाजूनं लघवी गळू लागली की पहिला विचार येतो, नळी बारीक पडली, जाड घाला. बहुधा उलटंच असतं. एक तर नळी तुंबलेली असते आणि लघवी दुसरी वाट शोधते. म्हणून आधी वरचे पाचही उपाय करून पाहा. नाही तर मूत्राशयाला नळीचा आणि फुग्याचा उपद्रव होऊन ते कळ येऊन आकसतं आणि लघवी बाजूनं ढकलतं. जाड नळी किंवा मोठा फुगा हा उपद्रव वाढवतो. बद्धकोष्ठानंही हेच होतं. पोट साफ ठेवल्यावर गळणं थांबलं, असं मी स्वतः पाहिलं आहे. तरीही गळत असेल तर आकसणं कमी करणारी औषधं असतात, ती डॉक्टरांनीच द्यायची. तोवर कातडी कोरडी ठेवा. ओल्या कपड्यानं दोन दिवसांत कातडी सोलवटते.

गढूळ लघवी आणि गोळ्यांचा कोर्स

आता नणंदबाईंचा सल्ला. नळी महिनाभर राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जिवाणू सापडतात. म्हणून नुसती लघवी गढूळ आहे, वास येतो, किंवा तपासणीत ‘पू-पेशी’ लिहून आल्या, एवढ्यावरून प्रतिजैविकं द्यायची नसतात. उगाच कोर्स केले तर जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. अशा वेळी पाणी वाढवा आणि माणसाकडे पाहा.

हो, माणसाकडे पाहा. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वरच्या बाजूला किंवा ओटीपोटात दुखणं, एकाएकी आलेली गुंगी किंवा बरळणं, खाणंपिणं सुटणं, यांपैकी काही दिसलं तर तो खरा संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टर हवेत. नळी जुनी असेल तर बहुधा आधी ती बदलतात आणि नव्या नळीतून तपासणीला लघवी घेतात. पिशवीतली शिळी लघवी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेऊ नका. तिच्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

एक गंमतीची, पण घाबरवणारी गोष्टही सांगून ठेवते. कधी पिशवी आणि नळी चक्क जांभळी होते. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकात याची नोंद झाली. बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांत, विशेषतः बायकांत, हे दिसतं. अन्नातल्या एका घटकापासून आतड्यात आणि मग लघवीतल्या जिवाणूंमुळे निळा आणि लाल रंग तयार होतो, त्यांचं मिश्रण जांभळं. करणी नव्हे, विषबाधा नव्हे. डॉक्टरांना सांगा, पोट साफ होऊ द्या, पिशवी बदला.

रोजची निगा

नळीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणानं हात धुवा. सगळ्या औषधांहून ही गोष्ट मोठी. नळी जिथे शरीरात जाते ती जागा दिवसातून एकदा-दोनदा साध्या साबणपाण्यानं धुवा. नळी अंगाजवळ धरून ठेवा आणि अंगाकडून पिशवीकडे पुसत जा. डेटॉलसारखी जंतुनाशकं नकोत, पावडर नको. खोबरेल किंवा व्हॅसलीनही लावू नका, तेलकट पदार्थानं रबरी नळी कमकुवत होते. सासूबाईंची निगा असेल तर नेहमी पुढून मागे पुसायचं. पुरुषांच्या बाबतीत धुताना कातडी मागे सारली असेल तर ती आठवणीनं पुन्हा पुढे आणायची. तशीच राहिली तर सूज येऊन अडकते.

नळी मांडीला चिकटपट्टीनं किंवा पट्ट्यानं बांधा, थोडी सैल ठेवून. मांडी रोज आलटून-पालटून बदला. ताण राहिला तर त्या जागी जखम होते. रुग्णाला भ्रम असेल आणि नळी ओढायची सवय असेल तर सैल पायजमा घालून नळी पायातून खाली काढा, म्हणजे हाताला लागत नाही.

पिशवी कंबरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. पलंगाच्या कडेला आकड्यानं टांगा. आपल्याकडे म्हातारी माणसं खाली गादीवर झोपायचा हट्ट धरतात, तिथे पिशवी खाली जायला जागाच उरत नाही. काही करून पलंग द्या, आणि तो बुटका असेल तर पिशवी एका स्वच्छ टबात ठेवा. रिक्षात बसवताना, उचलताना पिशवी पोटावर ठेवायची चूक तर सगळ्यांच्या हातून होते. लघवी मागे वळते. पिशवी दोनतृतीयांश भरण्याआधी रिकामी करा. त्यासाठी एक मग वेगळा ठेवा आणि तोटी मगाला टेकवू नका. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडू नका, सोडला की जंतूंना दार उघडलं. पिशवी आठवड्यानं बदला.

पाण्याचं म्हणाल तर डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवा. पाणी, पातळ ताक, पेज, सार, सगळं धरून. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल तर पाण्याचं माप आणि शहाळं द्यावं की नाही, दोन्ही डॉक्टरांना विचारा. बार्लीचं पाणी, धन्याचं पाणी जरूर द्या, पण पाणी म्हणून. जमलेला थर त्यानं धुऊन जात नाही.

थांबायचं नाही असे प्रसंग

लघवी लाल होऊन गुठळ्या येणं (नळी बदलल्यावर थोडी गुलाबी झाक आली आणि गेली तर चालेल), थंडीताप, लघवी बंद होऊन पोट फुगणं, नळी आपोआप निघून येणं. निघालेली नळी धुऊन पुन्हा घालू नका. नळी ओटीपोटातून घातलेली असेल तर अधिकच घाई करा, ते छिद्र काही तासांतच मिटू लागतं. आणि पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झालेला रुग्ण असेल, त्याचं डोकं एकाएकी ठणकू लागलं, चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर रक्तदाब धोक्याच्या पातळीला गेलेला असू शकतो. त्याला बसतं करा, नळी मुडपली नाही ना पाहा आणि ताबडतोब मदत मागवा.

दर भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न मात्र न विसरता विचारा: “अजून नळी लागेलच का?” काहींची नळी काढून पाहता येते. काहींना दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून काढणं सोयीचं पडतं. नळी जितकी कमी दिवस, तितकं बरं.

आणि मामंजींचं पाणी

त्या श्रावणातल्या रात्रीनंतर मी मामंजींना विचारलं, “तुमच्या उशाशी मी दोन तांबे भरून ठेवते. ते संध्याकाळी तसेच कसे असतात?” पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “अगं, जितकं पिईन तितकं तुला उपसावं लागतं. सुनेच्या हातून हे करवून घ्यायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

मला वाटत होतं, त्यांना माझी सेवा आवडत नाही. ते मात्र माझे कष्ट वाचवायला तहानलेले राहत होते. पाणी कमी म्हणून लघवी घट्ट, पाणी कमी म्हणून बद्धकोष्ठ, आणि त्या दोहोंतून तुंबलेली नळी. त्या रात्रीला जबाबदार होती ती त्यांची लाज.

मिरजेच्या बाई, तुमचे मामंजी तुमच्यावर रागावलेले नाहीत हो. ते संकोचले आहेत.

आम्ही काय केलं ते सांगते. सकाळची धुण्यापुसण्याची निगा ह्यांच्याकडे दिली. पहिल्या दिवशी ह्यांचे हात थरथरले. म्हणाले, “मला नाही जमायचं.” म्हटलं, “अहो, मलाही कुठे जन्मतः येत होतं?” आठवड्यात जमलं. ज्या बापानं आपल्याला न्हाऊमाखू घातलं, त्याची निगा मुलानं केली तर त्यात कमीपणा कसला? पिशवी रिकामी करायला मामंजींनाच शिकवलं. तोटी उघडायची, मग भरला की बंद करायची, आकडा वहीत लिहायचा. पिशवीवर जुन्या साडीची शिवलेली खोळ चढवली, म्हणजे आल्यागेल्यासमोर उघडं वाटायचं नाही. वहीतला आकडा वाढला की ते स्वतःच म्हणायचे, “आज दीड लिटरच्या वर गेलो बरं का!” तांबे रिकामे होऊ लागले. नळी त्यानंतरही एकदा तुंबली, नाही असं नाही. पण ती दिवसाउजेडी आणि वेळेवर कळली, कारण त्यांनीच हाक मारून सांगितलं.

तुमच्या घरी मुलाला वेळ नसेल तर नातवाला सांगा, तासाभराचा ब्रदर मिळतो का पाहा. कुणीच नसेल तर तुम्हीच करा, पण एकदा शेजारी बसून बोला. “मामंजी, हे मला जड नाही. तुम्ही पाणी पीत नाही, ते मला जड जातं,” एवढं म्हणा. आणि महिन्यातून दोन दिवस तरी स्वतःला सुट्टी घ्या. शुश्रूषा करणारीच अंथरुणाला खिळली तर घर कुणी बघायचं?

मग पुढे काय झालं ते मला जरूर कळवा. मी वाट पाहीन.